गणपतीत पाऊण तासाचं नाटक की नोव्हेंबरमध्ये स्वतःचा दोन अंकी प्रयोग? (डेट्रॉईट परिसर)

नोव्हीचा_नवा

नमस्कार मंडळी,

पुण्याहून इथे नोव्हीला येऊन फार काळ झालेला नाही. गेल्या हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि करायला काही नाही, म्हणून एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही आठ-दहा जण नाट्यवाचनाला जमू लागलो. आता सगळ्यांना खुर्चीवरून उठून काम करायचंय. दोन अंकी कौटुंबिक नाटक डोक्यात आहे. सात पात्रं, आणि सगळा डोलारा सत्तरीच्या आजोबांवर. माझे सासरे मेमध्ये येतायत. बँकेतून निवृत्त झालेत, तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलीयत, आणि आत्तापासूनच फोनवर "स्क्रिप्ट पाठवा" म्हणून मागे लागलेत.

इथल्या एका मंडळाने गणपतीच्या कार्यक्रमात वेळ देऊ केलाय, पण पंचेचाळीस मिनिटंच. गटात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात नाटक कापू, आयता हॉल, आयता साउंड, आयते प्रेक्षक मिळतायत. बाकीचे म्हणतात नोव्हेंबरमध्ये एखाद्या हायस्कूलचं ऑडिटोरियम घेऊ आणि पूर्ण नाटक करू. खर्च अर्थात आपल्याच खिशातून.

शिवाय काही शंका. लेखकाच्या परवानगीचं काय करायचं? सासऱ्यांनी व्हिजिटर व्हिसावर नाटकात काम केलेलं चालतं का? आणि पुण्यातला एक मित्र झूमवरून दिग्दर्शन करायला तयार आहे, ते जमेल का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

---

यारा_काठचा (मेलबर्न)

परवानगीचं मी सांगतो, बाकी अमेरिकेचं अमेरिकावाले सांगतील.

पुस्तकाचं सुरुवातीचं पान उघडा. बहुतेक मराठी नाटकांच्या पुस्तकांत प्रयोगाच्या परवानगीसाठी कोणाला लिहायचं ते छापलेलं असतं. पुष्कळदा ते प्रकाशक नसतात, लेखक किंवा त्यांचे वारस असतात. पुस्तक जुनं असेल तर पत्ता बदललेला असतो, तेव्हा प्रकाशकाला फोन करून नवा विचारा. मानधन प्रयोगागणिक ठरतं. हौशी संस्था, परदेशातला एकच प्रयोग, असं मोकळेपणाने सांगितलं तर लोक बहुधा समजून घेतात. पण लेखी घ्या. आणि कापणार असाल तर कापण्याचीही परवानगी वेगळी विचारा, हे लोक विसरतात.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. अमेरिकेचा हिशोब निराळा आहे, पण १९२९ पर्यंत प्रसिद्ध झालेलं तिथेही मोकळं आहे. म्हणजे देवल (१९१६ साली गेले) किंवा गडकरी (१९१९) करायचे तर कोणाला विचारायला नको. मात्र कोणी अलीकडे केलेली रंगावृत्ती वापरलीत तर त्या संपादकाचा हक्क आलाच.

---

पडद्यामागची (ट्रॉय, मिशिगन)

नोव्हीचा नवा, गणपती की नोव्हेंबर हा प्रश्न नंतरचा. आधी एक कागद घ्या आणि सातही जणांच्या नावापुढे लिहा: व्हिसा कुठला, नोकरी कुठे, भारताची तिकिटं कधीची, घरात लहान मूल आहे का, आईवडील कधी येणार आणि कधी जाणार. इथे पात्रनिवड दिग्दर्शक करत नाही, कॅलेंडर करतं. हे ज्यांनी मानलं त्यांचे प्रयोग झाले. बाकीच्यांचे अजून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत.

मी बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग आणि बॅकस्टेज करते. आले तेव्हा एच-४ वर (एच-१ या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) होते, काम करायची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, आणि तालमीला न्यायला-आणायला कोणीतरी यायचं हे त्या वेळी फार मोठं आकर्षण होतं. अभिनयाची हौस मला कधीच नव्हती. विंगेत उभं राहून सगळं नाटक पाठ होतं, ते पुरतं.

तर सासऱ्यांपासून सुरू करते, कारण तुमचं नाटक त्यांच्यावर उभं आहे. व्हिजिटर व्हिसावर पैसे न घेता, हौशी कलाकार म्हणून काम करायला हरकत नसते. पैसे मात्र एक डॉलरही नाही. "मानधन नाही, नुसता जाण्यायेण्याचा खर्च म्हणून" असली पाकिटंसुद्धा नकोत. शाल आणि श्रीफळ द्या. हाच नियम ज्यांना वर्क परमिट नाही अशा एच-४ वाल्यांना आणि एच-१ वाल्यांनाही लावा. एच-१ वर असलेला माणूस आपल्या कंपनीसाठीच पैसे घेऊन काम करू शकतो, तुमच्या नाटकासाठी नाही. सगळेच फुकट काम करतायत म्हटलं की भांडणंही कमी होतात.

आता तारखा. आईवडिलांना साधारण सहा महिने राहू देतात. मेच्या मध्याला आले तर कागदावर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पण कागदावर. ऑक्टोबर लागला, पानं पिवळी झाली, एका सकाळी गाडीच्या काचेवर दंव दिसलं की त्यांना घर आठवायला लागतं. दिवाळी पुण्यात करायची असते. नातवाशी खेळून कंटाळा आलेला असतो, तो कोणी बोलून दाखवत नाही. म्हणून सासऱ्यांना तिकीट कधीचं आहे ते आज विचारा. आणि नाटकासाठी मुदतवाढ मागायच्या भानगडीत पडू नका.

आमच्याकडे असेच नाशिकचे एक काका आले होते. तेही बँकेतले आणि स्पर्धांमध्ये मुरलेले. पहिल्याच वाचनाला बेसमेंटमध्ये असा आवाज लावला की वरच्या मजल्यावरचं बाळ उठलं. आम्ही म्हटलं, "काका, इथे माईक असतो." तर म्हणाले, "अगं पोरी, माईक बंद पडला की काय करणार? शेवटच्या रांगेतल्या माणसाने पण तिकीट काढलंय ना?" दोन आठवड्यांत त्यांना स्वतःचे सोडा, सगळ्यांचे संवाद पाठ झाले होते. कोणी अडकलं की माझ्या आधी तेच पुढचं वाक्य सांगायचे, त्यावरून आमचं एकदा वाजलंही. आम्ही प्रयोग त्यांच्या तिकिटाकडे बघून ऑक्टोबरच्या सुरुवातीला ठेवला होता, तो सुंदर झाला. मग अ‍ॅन आर्बरच्या लोकांनी वसंतात पुन्हा करा म्हणून बोलावलं. काका तोवर नाशकात. त्यांच्या जागी केसांना पांढरं फासून अडतिशीचा एक गुणी नट उभा केला. काम त्याने चोख केलं. पण पहिल्या प्रयोगात जिथे सभागृह गप्प झालं होतं, नेमकं तिथे लोक हसले. खोटं म्हातारपण लोकांना लगेच कळतं. तुम्हाला खरे आजोबा मिळतायत, तर सगळ्या तारखा त्यांच्याभोवती लावा.

दुसरं. सातांपैकी किती जण गाड्यांच्या कंपन्यांत किंवा त्यांच्या सप्लायरकडे आहेत? डेट्रॉईट आहे हे, निम्मे तरी असतील. नव्या गाडीचं लाँच लागलं की माणूस आठवडेच्या आठवडे मेक्सिकोतल्या नाहीतर अलाबामातल्या प्लँटवर. आमचा एक नायक मेक्सिकोतल्या साल्टिलोहून फोनवर संवाद म्हणायचा आणि मागे शिफ्टचा भोंगा वाजायचा. जुलैत दोन आठवडे प्लँट बंद असतात, तेव्हा लोक ट्रॅव्हर्स सिटीला तंबू ठोकून बसलेले असतात. त्या काळात तालीम ठेवूच नका, उगाच चार जण येऊन चहा पिऊन जातात.

आणि नोकरी जाते. एच-१ वाल्याची गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. आमच्या नाटकात थोरल्या भावाचं काम करणाऱ्याची ऐन तालमींच्या मध्यावर गेली. आम्हाला वाटलं आता हा यायचा नाही. पण तो एकही दिवस चुकला नाही. म्हणायचा, "घरी लिंक्डइन उघडून बसण्यापेक्षा इथे ओरडलेलं बरं." बायकोची गाडी बायकोला लागायची, म्हणून कॅन्टनमधला एक मित्र त्याला न्यायचा-आणायचा आणि तालीम होईपर्यंत कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसायचा. शेवटी टेक्ससमध्ये नोकरी लागली, प्रयोगाच्या आधी दोन आठवडे जावं लागलं. भावाचं काम कोणी केलं? त्या लॅपटॉपवाल्याने. ऐकून ऐकून त्याला सगळं येत होतं. त्याआधी तो आयुष्यात स्टेजवर चढला नव्हता. आणि टेक्ससला गेलेल्याची बायको मुलांची शाळा संपेपर्यंत इथेच होती, तिने कपडेपट सांभाळला.

म्हणून सात पात्रांच्या नाटकाला तालमीला नऊ-दहा माणसं येऊ द्यात. त्यांना "बदली कलाकार" म्हणू नका, राग येतो. प्रॉपर्टी बघा, म्युझिकचे क्यू द्या, असं काहीतरी हातात द्या आणि बसवून ठेवा.

बेसमेंटबद्दल. आपली बेसमेंटं रुंदीला वीस-बावीस फूट, शाळेचं स्टेज जवळजवळ दुप्पट. जमिनीवर मास्किंग टेप लावून सोफा कुठे, दार कुठे ते आखा, नाहीतर रंगीत तालमीला प्रत्येकाची एन्ट्री चार पावलं उशिरा पडते. शेवटच्या काही तालमी पब्लिक लायब्ररीच्या मोठ्या खोलीत करा. ती खोली मिळते, पण नऊ वाजता दिवे घालवतात. आणि ज्याच्या बेसमेंटमध्ये सम्प पंप (साचलेलं पाणी उपसणारा, घरघरणारा पंप) आहे त्याच्याकडे एप्रिलच्या पावसात हळव्या प्रसंगाची तालीम ठेवू नका. हे मी गमतीने म्हणत नाहीये.

झूमवरचा दिग्दर्शक: इथले रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात पहाटेचे साडेपाच. वाचनापुरता चालेल, उच्चार आणि सूर तो ऐकून सांगेल. हालचाली बसवायला माणूस खोलीतच हवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. नाटक कापू नका. दोन तासांचं पाऊण तासात आणलं की काय उरतं मी पाहिलंय: विनोद उरतात, फोडणी सगळी आणि भाजी नाही. आजोबांचे थांबे जातात, आणि त्यांच्याचसाठी तर तुम्ही हे नाटक घेताय. मंडळाला नाही म्हणू नका, तिथे एखादी एकांकिका करा. पुण्याची मुलं आहात, गटात दोन तरी करंडकवाले असणारच. पुरुषोत्तम करंडक, म्हणजे पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे, इथल्या प्रत्येक सबडिव्हिजनमध्ये त्याचा एकेक माजी नट मुलांना सॉकरला सोडत फिरतोय. त्यांना थोडं हळू बोलायला लावा, करंडकवाल्यांचा वेग आमच्या प्रेक्षकांना झेपत नाही.

---

माजी_खजिनदार

पडद्यामागची यांचं बाकी सगळं मान्य. पण मंडळाबद्दल दोन शब्द मी बोलणारच, तीन वर्षं पावत्या फाडल्यात.

लोक म्हणतात मंडळ वेळ कापतं. अहो, अथर्वशीर्ष, आरती, मुलांचं लेझीम, बक्षिसं, मग जेवणाची रांग, आणि हॉल ठरल्या वेळेला रिकामा करून द्यायचा. त्यात पंचेचाळीस मिनिटं काढून देणारी कार्यकारिणी उदार म्हणायची. आणि दुसरं, वेगळा प्रयोग लावलात तर पहिला फोन कसला येतो माहितीये? "जेवण आहे का?" आहे म्हटलं तर पाचजणांची तिकिटं, नाही म्हटलं तर "बघतो".

पण पैशाचं जरा नीट ऐका. शाळा हॉल देताना लायबिलिटी इन्शुरन्सचं, म्हणजे कोणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचं, सर्टिफिकेट मागतात. बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्ट दहा लाख डॉलरचं कव्हर आणि त्यावर स्वतःचं नाव घालून मागतात. तुम्ही दहा मित्र कुठून आणणार? मंडळाची वर्षाची पॉलिसी असते. मंडळ नोंदणीकृत ना-नफा संस्था असेल तर भाड्याचा दरही वेगळा लागतो. म्हणून प्रयोग तुमचा, तिकिटं तुमची, पण कार्यक्रम मंडळाच्या नावाने लावा. नफा झाला तर मंडळाला, तोटा झाला तर अर्धा-अर्धा, असं आधी कागदावर आणा. तोटाच होईल, पण कागद असू द्या.

२०१७ ला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मोठी संस्था) अधिवेशन आपल्या मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सला झालं. तेव्हापासून बघतोय, अधिवेशनाच्या मोठ्या स्टेजवर भारतातून आलेली नाटकं तुफान चालतात आणि इथल्या पोरांचं नाटक भलत्या वेळेला, भलत्या खोलीत. इथल्या नाटकाला स्वतःचा दिवस हवा, एवढं मलाही पटतं.

---

नोव्हीचा_नवा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तो कागद भरला. रात्री अकरापर्यंत बसलो होतो आणि थोडे हादरलोच.

सातांपैकी चार जण ऑटोमध्ये. एकाचं लाँच ऑगस्टमध्ये. सुनेचं काम करणारी व्हिसा स्टॅम्पिंगसाठी नोव्हेंबरमध्ये भारतात जाणार, ते तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं कारण "कोणी विचारलं नाही". धाकट्या मुलाचं काम करणाऱ्याच्या घरी जुलैत बाळ येतंय. आणि सासऱ्यांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याचं निघालं. म्हणजे नोव्हेंबर गेलाच. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला जमेल का? की मग पुढच्या वर्षी?

एकांकिकेची कल्पना सगळ्यांना आवडली. करंडकवाले दोन नाही, तीन निघाले, आणि आता त्यांच्यातच कुठली करायची यावरून जुंपलीय.

---

पडद्यामागची (ट्रॉय, मिशिगन)

पुढच्या वर्षी नको. पुढच्या वर्षी सासरे येतीलच असं नाही, आणि त्या सातातले दोन जण दुसऱ्या राज्यात असतील. ऑक्टोबरचा पहिला नाहीतर दुसरा शनिवार धरा. नोव्हेंबर गेला ते एका परीने बरंच झालं. १५ तारखेला हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो आणि शाळेचा लाइटवाला रायफल घेऊन उत्तरेला गेलेला असतो. एका वर्षी आम्हाला त्याच्याऐवजी अकरावीतली एक मुलगी मिळाली होती. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. मी तिच्या शेजारी उभी राहून प्रत्येक क्यूला खांद्यावर टिचकी मारत होते. तिच्याइतके अचूक लाइट आम्हाला पुन्हा मिळाले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये दोन अडचणी येतात. एक, शाळांची स्वतःची संगीतिका पुष्कळदा शरदात असते आणि त्यांचा सेट आठवडेच्या आठवडे स्टेजवर उभा राहतो. म्हणून नोव्ही, नॉर्थव्हिल, फार्मिंग्टन, कॅन्टन या सगळीकडे आत्ताच ईमेल टाका. त्यांच्या सेटपुढे साताठ फूट जागा उरते का, असंही विचारा. दिवाणखान्याचं नाटक तेवढ्यात बसतं. आम्ही एकदा त्यांच्या जहाजाच्या सेटपुढे काळा पडदा सोडून डोंबिवलीचं घर उभं केलंय. दोन, नवरात्र. शनिवारी रात्री गरबा असेल तर तुमचे प्रेक्षक तिकडे. दुपारी तीनचा प्रयोग लावा, म्हणजे नाटक बघून लोक गरब्याला जातात. दुपारी जेवणाचाही प्रश्न येत नाही, चहा आणि वडा पुरतो. पण वडा ऑडिटोरियममध्ये नेऊ देत नाहीत. कॅफेटेरिया वेगळा बुक करावा लागतो, त्याचं भाडं बजेटमध्ये धरा. मध्यंतर पंधरा मिनिटांचं जाहीर करा आणि पंचवीस मिनिटांचं गृहीत धरा.

स्टेजवर खरी ज्योत चालत नाही. नाटकात देवघर असेल तर बॅटरीची समई लावा आणि आजोबांना ती "लावण्याचा" अभिनय आधीपासून करू द्या. जुन्या माणसाचा हात सवयीने काडेपेटीकडे जातो. नारळ स्टेजवर वाढवू नका, लाकडी फ्लोअरिंगवर एक खळगा पडला तर डिपॉझिट गेलं. पार्किंग लॉटच्या कडेला वाढवा. नटराजाची तसबीर आत ठेवली, नारळ बाहेर वाढवला, तर कोणाची काही तक्रार नसते.

बाळाच्या घरचा धाकटा मुलगा बदला. आत्ताच बदला, त्याला वाईट वाटलं तरी. जुलैत बाळ आणि ऑक्टोबरात प्रयोग हे त्याच्या बायकोला विचारून ठरवायचं असतं, त्याला विचारून नाही. त्याला म्युझिक द्या. ते घरी बसून, बाळ मांडीवर घेऊन जमवता येतं. लाँचवाल्याला ऑगस्टमध्ये सुट्टी द्या आणि त्याचे प्रसंग जूनमध्येच बसवून टाका. सुनेने खरं सांगितलं हे चांगलं झालं. आता दर महिन्याला तो कागद पुन्हा फिरवा.

खजिनदारसाहेब, तुमचा इन्शुरन्सचा मुद्दा सोळा आणे. मंडळाच्या नावाने करण्याला माझी ना नाही, फक्त स्वागत, प्रायोजक आणि सत्कार प्रयोगाच्या आधी उरका. पडदा उघडल्यानंतर मध्ये कोणी माईक घेऊन यायचं नाही, हेही तुमच्या त्या कागदावर घाला.

आणि नोव्हीचा नवा, सासऱ्यांना संहिता आजच पाठवा. मोठ्या टाइपात, कागदावर छापून, कुरियरने. फोनच्या स्क्रीनवर ती मंडळी पाठांतर करत नाहीत. मेपर्यंत त्यांचं चोख झालेलं असेल, मग तुमचे बाकीचे सहा जण लाजेखातर तरी वेळेवर पाठ करतील. प्रॉम्प्टर लागला तर कळवा. मंगळवार सोडून मी मोकळी आहे, पण नोव्हीपर्यंत ६९६ हायवेवरून संध्याकाळी यायचं म्हणजे तासभर धरा, तालीम साडेसातच्या आत लावू नका.